बनूच्या दंडावरचे चार वण

देवीडॉक्टर हा डॉक्टर नसतो, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी नृसिंह धर्माधिकारी, देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. पाथर्डी तालुक्यातली साठएक गावं माझ्या वाट्याला. पोरांच्या दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी परत जाऊन फोड धरलेत का बघायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची, एवढंच माझं काम. पण कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सासऱ्याला दमा उठला, की माणसं माझ्या तट्टापुढे आडवी. मी नाही म्हटलं की म्हणतात, डॉक्टर लई माजलाय.

ते एक वेळ सोसेन. पण वर्षभर हीच माणसं घरात काय करतात, ठाऊक आहे? पोर जेवत नाही, देवीडॉक्टर येईल. पोर रडतंय, देवीडॉक्टर येईल. शेळी सोडून देतंय, बहिणीला चावतंय, सगळ्यावर एकच औषध, माझं नाव. आणि मग माघात मी खरोखरच वेशीतून आत शिरतो, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन. पोरांनी करायचं काय? कुणी उभ्या ज्वारीत पळतं, कुणी कडब्याच्या गंजीत शिरतं. एका गावात एक पोरगं रिकाम्या कणगीत जाऊन बसलं, त्याला बाहेर काढायला कणगी फोडावी लागली. आणि वर त्याचा बाप मलाच विचारतो, डॉक्टर, पोरं तुमाला एवढी का भेत्यात वो? मी कपाळावर हात मारून घेतला. बापाला वाटलं, मला ऊन लागलं, त्यानं पाणी आणून दिलं.

तरी पोरांना धरून आणणाऱ्यांचं आणखी निराळं. खरं म्हणून कुणी सांगायचं नाही. चल, तुला मढीच्या जत्रेला नेतो. चल, मामा आलाय. पोर बिचारं डोकीला तेल लावून, टोपी घालून नाचत येतं आणि समोर मी. मग चौघांनी हातपाय धरायचे, आईनं तोंड फिरवायचं आणि मी टोचायचं. मीसुद्धा काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. सतरा वर्षं मी प्रत्येक पोराला एकच वाक्य म्हणत होतो, काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होतं. मुंगी कसली चावते? माझ्या हत्याराला बारीक दात्यांची चकती असते, ती दंडावर दाबून फिरवायची, कातडी खरवडली जाते, त्यावर लस लावायची. मांजरानं ओरबाडल्यासारखं होतं. पोरगं बोंब मारतं ती दुखण्यापेक्षा फसवलं म्हणून जास्त मारतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण चाळीस पोरं रांगेत असली की कळून उपयोग काय.

आमच्या घरी दमयंतीला मात्र रोज हा पाढा ऐकावा लागे. एकदा ती वैतागून म्हणाली, तुम्ही कशाला बोलता त्यांच्याशी? ज्याचं टोचून झालंय असं एखादं धीट पोर पुढं बसवा आणि त्याला बोलू द्या. पोराचा भरवसा पोरावरच बसतो. मला ते पटलं, पण पटलं असं मी म्हटलं नाही. तिसगावात मात्र गुपचूप करून बघितलं. कुंभाराच्या पोरानं बाही वर करून वण दाखवले, थोडं दुखतं, मंग गूळ मिळतो, असं सांगितलं, आणि दीड तासात साठ पोरं झाली, एकालाही धरावं लागलं नाही. घरी आल्यावर दमयंतीनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, लस या खेपेला चांगली होती.

ही पार्श्वभूमी झाली. आता बाभूळवाडी.

चव्वेचाळीस साल. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, देवी मात्र हव्या तेवढ्या. मढीच्या बाजूच्या दोन वाड्यांत लागण झाली होती, पाच पोरं गेली होती. होळीला तीन आठवडे उरले होते. होळीपासून मढीला जत्रा भरते, कुठून कुठून माणसं गाढवं विकायला आणि नाथाला नैवेद्य चढवायला येतात, आणि ही वाडी तर मढीच्या वाटेवरच. जत्रेआधी टोचून झालं, फोड धरले, तर पोरं वाचतील, नाहीतर देवाच्या हवाली. तालुक्याहून ताकीद आली होती, पण ताकीद नसती तरी मला हा हिशोब कळत होता. मी गावच्या आप्पासाहेब पाटलांना आधी निरोप धाडला, पोरं जमवून ठेवा, पण गाजावाजा करू नका.

आप्पासाहेबांनी गाजावाजा केला नाही. त्यांनी पोरं शाळेत कोंडली. चांगली चाळीस पोरं, एक खोली, बाहेरून कडी, आणि कडीपाशी राधाकृष्ण मास्तर छडी घेऊन उभे. मी वेशीत शिरलो तेव्हाच आतला आकांत ऐकू येत होता. आप्पासाहेब मिशीवर हात फिरवत सामोरे आले, एक बी सुटलं न्हाई, म्हणाले. मला वाटलं, तिथल्या तिथे तट्टू वळवावं आणि पाथर्डीला जाऊन राजीनामा द्यावा. पाटलांना मी जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. मास्तर सुशिक्षित माणूस, त्यांना जरा जास्तच बोललो.

कडी काढायला लावली. पोरांना लिंबाखाली बसवलं. मास्तरांची छडी काढून घेतली. पेटीतून गूळ काढला, एकेक खडा वाटला, आणि अर्धा तास काहीही न करता नुसता बसून राहिलो, मडक्यातल्या ओल्या फडक्यात लसीच्या नळ्या होत्या, त्या ऊन चढायच्या आत वापरायच्या होत्या, तरी बसून राहिलो. हुंदके थांबले. मग मी धीट पोर शोधायला लागलो.

ते समोरच होतं. गोजरबाईची बनू. सात वर्षांची, झिपऱ्या, कडेवर शेजारणीचं लेकरू, आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. बाही फाटलेली होती, त्यातून दंडावरचे वण दिसत होते, दोन या हाताला, दोन त्या हाताला. मला आठवलं, गेल्या साली गोजरबाईनं मला सांगितलं होतं, आमी सोनईला माहेरी गेल्तो, तिथल्या डॉक्टरनं टोचलं. मी वण बघितले होते आणि वहीत बनूच्या नावापुढे झालं म्हणून लिहिलं होतं.

मी तिला बोलावलं, सगळ्यांपुढे पेटीवर बसवलं, आणि म्हटलं, "बनू, तुझं टोचून झालंय. या सगळ्यांना सांग, कसं असतं ते."

"खरं सांगू?" तिनं विचारलं.

"अगदी खरं सांग," मी म्हटलं. स्वतःच्या तोंडानं म्हटलं.

तिनं कडेवरचं लेकरू नीट सावरलं आणि सांगायला लागली. "पैल्यांदा आई दिवा लावती. मंग सुईला कायतरी काळं टोचून दिव्यावर धरती. त्याचं तेल निघतं, ते दंडाला लावती. तवा काय हुत न्हाई. मंग आग हुती. लई आग हुती. फोड येतो, तो फुटतो, त्याचं पानी जितं लागंल तितं बी फोड येतो. मी तीन दिस निजले न्हाई. आई बी निजली न्हाई, फुंकर घालीत बसली." मग तिला वाटलं असावं की पोरांना धीर द्यायचा राहिला. म्हणून शेवटी म्हणाली, "पर मी मेले न्हाई."

लिंबाखाली एक पोर उरलं नाही. मास्तर दोघांना धरायला धावले आणि धोतरात पाय अडकून पडले. कुंपणापलीकडून, गोठ्यामागून, झाडावरून रडण्याचे आवाज यायला लागले. आप्पासाहेब म्हणाले, म्हनून आमी कडी लावली हुती. मी पहिल्यांदा मनात दमयंतीवर चिडलो, मग बनूवर, मग गुळावर. आणि मग माझ्या डोक्यात बनूचे शब्द शिरले. दिवा. सुई. काळं तेल.

मी बनूचा दंड धरून उन्हात नेला. लसीचा वण खोलगट असतो, आत सुईच्या अग्रासारखी टिंबं असतात. हा वण सपाट होता, काळपट होता, चकचकीत होता. असा डाग आमच्या मुलखातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर असतो. सांधे धरले की बायका बिब्ब्याचं तेल लावतात, ते उततं, कातडं जाळतं. सतरा वर्षं दंड बघण्यात घालवलेल्या माणसानं गेल्या साली हाच वण बघून वहीत झालं म्हणून लिहिलं होतं. का, तर ती त्या दिवशीची ऐंशीवी पोर होती आणि मला पुढच्या गावाला जायचं होतं. कुणावर ओरडायचं? मी बराच वेळ माझ्यावरच चरफडलो.

तेवढ्यात गोजरबाई विहिरीवरून हंडा घेऊन आली. बनू माझ्या हातात, तिचा दंड उन्हात, हे बघून ती जागीच थांबली. काही विचारायची गरज नव्हती, तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं. आप्पासाहेबांनाही तोवर उमगलं होतं. सरकारला फसवलंस, खटला होईल, अशी सरबत्ती त्यांनी गोजरबाईवर सुरू केली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता कृपा करून गप्प बसा, तुमच्यानं पोरं सांभाळून झाली तेवढी पुरे. मग मी गोजरबाईकडे वळलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. पोटच्या पोरीला जाळलंस, माझी सुई दहा आकडे मोजेपर्यंत दुखते, तू तीन दिवस तिला होरपळवलंस, आणि तेही फुकट. तुझ्या बिब्ब्याला देवी भीत नाही. मढीच्या वाटेवर पाच पोरं गेलीत, त्या पोरांच्या आणि तुझ्या बनूच्या दंडात काही फरक नाही.

गोजरबाईनं हंडा खाली ठेवला. ती मोठ्यानं बोलली नाही. "माझा कानिफ तुमीच टोचला हुता," ती म्हणाली. "बाराव्या दिशी गेला. एक पोर तुमच्या सुईला दिलं. दुसरं कसं देऊ?"

हे कधीतरी येणार हे मला माहीत होतं. चार वर्षांमागे याच वाडीत देवी आल्या होत्या, त्या गडबडीत मी तिच्या चार वर्षांच्या कानिफनाथाला टोचलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर देवी उठल्या आणि बाराव्या दिवशी पोर गेलं. गावानं म्हटलं, डॉक्टरनं देवी आणली. मी तिला किती वेळा सांगितलं असेल, बाई, टोचल्यावर तिसऱ्या दिवशी देवी उठत नसतात, रोग दहा-पंधरा दिवस आधीच त्याच्या अंगात होता, सुई लागली नसती तरी जे झालं ते झालं असतं. तिच्या ओसरीवर सांगितलं, तिसगावच्या बाजारात सांगितलं. ती ऐकून घ्यायची, एक शब्द बोलायची नाही, आणि पुढच्या वर्षी मी आलो की तिच्या दाराला कडी. तिचा नवरा सहादेव नगरला लष्कराच्या खेचरांवर कामाला, तो होळी-दिवाळीला येणार, तेव्हा दुसरं कुणी तिला समजावणारंही नव्हतं. त्या दिवशी मी परत तेच सगळं सांगायला लागलो, आणि निम्म्यात माझा मलाच कंटाळा आला.

बनू हे सगळं ऐकत उभी होती. तिनं कडेवरचं लेकरू मास्तरांकडे दिलं, मास्तरांनीही ते मुकाट्यानं घेतलं, आणि तिनं मला विचारलं की मग तिचं टोचणं झालंच नाही का. मी म्हटलं, नाही. मग राहिलं का? मी म्हटलं, राहिलं. तिनं जरा विचार केला. कानिफदादाला देवी आल्या तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा तो, त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं एवढं तिला आठवत होतं, असं मला पुढे कळलं. ती आईपाशी गेली.

"आई, या टायमाला बी माज्यापाशी जागशील ना?"

गोजरबाई खाली बसली आणि तिनं बनूला मांडीवर ओढून घेतलं. मग माझ्याकडे न बघता तिनं पोरीची बाही वर सारली. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर बिघडलं असतं, तेवढी अक्कल मला तोवर आली होती.

या खेपेला मी मुंगीचं नाव काढलं नाही. बनूला म्हटलं, मांजर ओरबाडतं ना, तेवढं दुखेल. एका हाताला दोनदा, दुसऱ्या हाताला दोनदा. मोठ्यानं दहापर्यंत मोज, दहाच्या आत संपेल. हलायचं नाही, ओरडायचं असेल तर ओरड. तिनं आईचा पदर मुठीत धरला, डोळे मिटले आणि मोजायला लागली. चारला तिचा आवाज फाटला. सातला एक घोट गिळला. नऊला मी हत्यार खाली ठेवलं. ती दहापर्यंत मोजून तशीच बसून राहिली, दात आवळून.

"आग कवा हुनार?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, आग होणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी खाजेल, खाजवायचं नाही. मग फोड धरेल, एक दिवस ताप येईल, मग खपली पडेल. संपलं.

तिनं डोळे उघडले. दंडाकडे बघितलं, दुसऱ्या दंडाकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

आणि मग ती आईकडे वळली. "मंग तू मला कशापायी जाळलं?"

कुंपणापलीकडची रडारड कधीच थांबली होती, पोरं डोकी वर काढून बघत होती. आप्पासाहेब बघत होते, मास्तर बघत होते. चार वर्षं त्या बाईनं माझ्यावर बोट ठेवलं होतं, आता पोरीनं तिच्यावर ठेवलं. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्या पोरीला या घरात, या आईपाशी राहायचं होतं, आणि मी तर संध्याकाळच्या आत पुढच्या गावाला जाणार होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिची चूक नाही. ते औषध मीच दिलं होतं. तुझ्या आईनं मी सांगितलं तसं लावलं. औषध चुकीचं होतं."

बनूनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्या साहेबानंही कधी बघितलं नव्हतं. "एवढं बी कळत न्हाई तुमाला?" ती म्हणाली. मी म्हटलं, चुकलं. मग ती उठली, कुंपणापाशी गेली, आणि पोरांना ओरडून सांगितलं की या रं, गेल्या वर्सी डॉक्टर चुकला हुता, या वर्सी बरूबर औषीद आणलंय, मांजरावानी लागतं निस्तं. आणि पोरं आली. एकेक करून आली, दहापर्यंत मोजत टोचून घेऊन गेली. ज्यांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी बनू मोजत होती. बावीस-तेविसाव्या पोराला ती मला म्हणाली, हळू लावा की जरा. आप्पासाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टर, खरंच तुमी बिब्बा दिलता का, मला वर कळवाया लागंल. मी म्हटलं, कळवा, काय कळवायचं ते कळवा, आणि नळ्या फुटतील, त्या मडक्यावरचा हात काढा.

आठव्या दिवशी परत गेलो. पाच पोरांचे फोड धरले नव्हते, कारण मी एवढा घसा फोडून सांगितलं असतानाही त्यांच्या आज्यांनी घरी जाताच राख फासून पुसून काढलं होतं. त्या पाच आज्यांशी माझं जे व्हायचं ते झालं, पोरांना परत टोचलं. बनूचे मात्र चारही फोड टपोरे धरले होते. गोजरबाईच्या दाराला लिंबाचा डहाळा लावलेला होता, घरात फोडणी बंद होती, देवीपुढे दहीभात ठेवलेला होता. टोचलेल्या पोराच्या घरी देवी पाहुणी येते असं या बायका मानतात. एरवी मी यावर दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दिवशी नुसते फोड बघितले, वहीत लिहिलं आणि बाहेर पडलो. बनूनं ओसरीवरून मला बजावलं की पुढच्या वर्षी औषध नीट बघून आणा.

वेस ओलांडली तशी मागून पावलं आली. गोजरबाई होती. तिनं तट्टाचा लगाम धरला, म्हणून मला उतरावं लागलं.

"तुमी बनूशी खोटं बोललात," ती म्हणाली.

मी म्हटलं, बोललो.

"माज्यासाठी बोललात. मंग कानिफचं? आजार आदीच त्याच्या अंगात हुता म्हनलात, ते बी माज्यासाठीच हुतं का?"

चार वर्षं मी जे तिला पटवून देत होतो, ते मी स्वतःच आठ दिवसांपूर्वी एका वाक्यात घालवून बसलो होतो. मुंगी, मामा, मढी, चुकीचं औषध, सगळ्या खोट्यांचा साक्षीदार मी, आता माझ्या खऱ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? माझ्यापाशी पुरावा नव्हता. एक गोष्ट मात्र होती, जी मी तिला कधीच सांगितली नव्हती. दमयंतीलाही नाही.

"ते खरं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी मी त्याचा दंड धरला, तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं. माझ्या हाताला लागलं. उन्हात खेळलाय म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. रांग मोठी होती. मी टोचलं आणि पुढचं पोर घेतलं. सुईनं तो गेला नाही, बाई. पण ताप मला लागला होता, आणि मी विचारलं नाही. आणि नंतरही तुला सांगितलं नाही."

मला वाटलं, आता ही लगाम माझ्या तोंडावर मारेल. मारला असता तरी मी काही म्हणालो नसतो. ती लगाम धरून तशीच उभी राहिली.

"मला बी लागला हुता," ती म्हणाली. "त्याच सकाळी. कुशीत घेतला तवा. मी बी कुनाला बोलले न्हाई. देवीचा ताप आसंल तर घर वाळीत पडंल, मानसं यायची बंद हुतील, म्हनून."

आम्ही दोघं त्या वाटेवर उभे होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मी चिडलो नव्हतो. किती तरी दिवसांत मी कुणावरच चिडलो नव्हतो असा तो पहिला क्षण असेल, पण ते कुणाला सांगायचं.

मग तिनं चोळीची बाही वर केली. तिच्या दंडावर काहीच नव्हतं, बिब्ब्याचाही डाग नाही. "मला टोचा," ती म्हणाली. "बनूला किती लागलं, ते मला ठावं पाहिजे."

पेटीत एक नळी उरली होती. मी वाटेच्या कडेला दगडावर पेटी उघडली, आतला स्पिरिटचा दिवा लावून हत्यार त्यावर धरून घेतलं, आणि तिला म्हटलं, दहापर्यंत मोज. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला दहापर्यंत येत नव्हतं. मग मीच मोजले.